आधी पाव, मग नारळ

माळ्यावरून सुपाऱ्या उतरवत होतो, तेवढ्यात हुसेनच्या भाच्याचा, यासीनचा फोन आला. "काका, मामू गेले," एवढंच म्हणाला. हुसेनची तब्येत ढासळत होतीच, तरी मन मानेना... ज्याला अख्खा संघ मिळून पाडू शकत नव्हता, तो असा निमूट कसा जाईल?

आमच्या गावच्या कबड्डी संघाचा तो चढाईपटू, मी कोपऱ्यात. संघाला नाव मारुतीचं, सराव देवळापुढं आणि हा गडी आगरदांड्याच्या वाटेवरच्या मोहल्ल्यातला. आधी कुरकुर झाली. मग एका अंतिम सामन्यात त्यानं समोरचा संघ एकट्यानं गारद केला आणि कुरकुरणारेच त्याला खांद्यावर घेऊन नाचले. अख्ख्या जिल्ह्यात, थळपासून तळ्यापर्यंत, त्याचं नाव झालं. आमची आई तर माझ्याआधी त्याचा गुडघा बरा व्हावा म्हणून नवस बोलायची. खोटं कशाला सांगू, मला राग यायचा.

"हुसेन आपला माणूस हाय," असं गाव कौतुकानं म्हणे आणि त्याच दमात त्याच्या मोहल्ल्याविषयी वाटेल ते बोले. एकदा त्यानं मला विचारलं, "मी आपला, व्हय रे बाळ्या? मग माझी बहीण कुणाची?" मी गुडघ्यावरची माती झटकू लागलो. त्यानंच हसून विषय बदलला.

या बहिणीची बेकरी. स्पर्धेला आलेल्या संघांना सकाळी उसळ-पाव द्यायची आमची रीत, आणि पाव कायम तिच्याच भट्टीचा. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा दूरच्या शहरात दंगल झाली, मोबाइलवर नको ते फिरलं आणि गावानं न बोलता तिचा पाव बंद केला. तिचा मुलगा यासीन भरल्या टोपल्या घेऊन परत जायचा. ती भट्टी विझवायचं बोलू लागली. त्या वर्षी स्पर्धेला पाव दुसरीकडून मागवला आणि उद्घाटनाला बोलावलं हुसेनलाच! कमिटीत कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही.

तो आला. मैदानाची माती कपाळाला लावली. अध्यक्षांनी नारळ दिला, तो मांडीवर ठेवून मध्यरेषेवर बसला. "आधी माझ्या बहिणीचा पाव येऊ दे. मग नारळ." आवाज जराही चढवला नाही. कुणीतरी "इथं राजकारण नको" असं पुटपुटलं. तो म्हणाला, "चढाईला गेलो नि हात न लावता परतलो, असं कधी बघितलंत? मग आज कसा परतू?"

पंच उभे, संघ उभे. शेवटी बायकांतून आमची आई उठली. "बाळ्या, गाडी काढ." आमच्यामागून आणखी दोन गाड्या निघाल्या.

पाव आला, नारळ फुटला. सगळ्यांनी खाल्ला असं नाही. काहींनी नुसती उसळ ओरपली. खेळाडू आवडला म्हणून मनातली अढी जात नाही. त्याला त्याच्या माणसांतून वेगळा काढून डोक्यावर घेणं फार सोपं असतं. हुसेन वेगळा निघायला तयार नव्हता, म्हणून भट्टी पेटती राहिली. पारावरची बोलणी आजही होतात, पण यासीन दिसला की आवाज खाली येतो.

परवा त्याच्याशिवायची पहिली स्पर्धा झाली. नवा कप्तान नारळ हातात घेऊन रस्त्याकडं बघत उभा. पाहुण्या संघातल्या एकानं घाई केली, तर म्हणाला, "थांबा जरा, पाव यायचाय. आमच्याकडं पहिल्यापासून रीतच हाय तशी."

पहिल्यापासून... मी सांगायला म्हणून उठलो आणि पुन्हा खाली बसलो. वळणावर यासीनच्या गाडीचा हॉर्न वाजला.