अर्धा मीटर गाळ

"साहेब, पट्टीवर पाच-साठ हाय. पण पाणी पिराच्या ओट्याला लागलंय."

दुपारचे बारा वाजले होते. फोनवर सुखदेवराव साळवे होते, नदीकाठच्या एका गावातले आमचे गेज रीडर. मी संभाजीनगरच्या पाटबंधारे ऑफिसात, समोर डबा उघडा.

गेज म्हणजे पुलाच्या खांबावर रंगवलेली उभी मोजपट्टी. नदी किती चढली ते तिच्यावरून कळतं. रीडर आकडा वाचतो आणि आम्हाला कळवतो. या गावी पाच मीटरला इशारा आणि सहा मीटरला धोका. सहा झाले की मी तहसीलला फोन करायचा आणि खालची वस्ती रिकामी व्हायची. सुखदेवरावांचं घर त्याच वस्तीत होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

त्या वर्षी जून, जुलै कोरडे गेले. ऑगस्टमध्ये नुसतं आभाळ भरून यायचं. सप्टेंबरमध्ये मात्र चार दिवस पाऊस थांबलाच नाही.

"माणसं बोचकी बांधायलीत, साहेब. काढू का वस्ती?"

"अजून चाळीस सेंटिमीटर आहेत, सुखदेवराव. उगाच घाबरवू नका लोकांना."

"पर ओट्याला पाणी लागलं की वस्ती हलती. माझ्या बापापासून तसंच हाय."

"ओट्यावर आकडे लिहिलेत का?"

ते कसनुसं हसले. "नाय, साहेब. तुम्ही म्हणता तसं."

मी जेवायला लागलो.

सुखदेवराव वस्तीत गेले आणि त्यांनी सांगितलं, "साहेबानं थांबा म्हणलंय." लोक थांबले. ज्यांनी जनावरं सोडली होती त्यांनी ती परत दावणीला बांधली. दोनच्या सुमारास पाणी घरांत शिरलं. माणसं उराशी पोरं धरून शाळेकडे धावली. सुखदेवरावांची थोरली भावजय गयाबाई अर्ध्या वाटेतून मागे फिरली, म्हैस सोडायला. म्हैस पोहत बाहेर आली. गयाबाई तिसऱ्या दिवशी पुढच्या गावच्या बाभळीत सापडली.

पाणी ओसरल्यावर मी गेलो. पुलाच्या खांबावर गाळाची रेघ पाच-नव्वदला होती. म्हणजे पट्टीच्या हिशोबाने नदीने धोक्याची पातळी गाठलीच नव्हती. वस्तीतल्या भिंतींवर मात्र तीच रेघ माझ्या मांडीपर्यंत येत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या. तिथंच उभ्या उभ्या मला मे महिना आठवला.

मे महिन्यात नदी ठणठणीत कोरडी होती. अर्धा स्टाफ टंचाईच्या ड्युटीवर. आमचे वरचे साहेब म्हणाले, "नदीत थेंब नाही, पण मान्सूनपूर्व रिपोर्ट जायचाय. पट्ट्या रंगवून टाका." पुसट झालेली पट्टी नव्याने रंगवताना तिचं शून्य बेंचमार्कवरून आणायचं असतं. बेंचमार्क म्हणजे उंची कायमची ठरवून दिलेला दगड. तो गावच्या जुन्या चावडीच्या जोत्यात होता, पुलापासून किलोमीटरभर. तिथून लेव्हल मशीन लावत लावत यायचं म्हणजे भर उन्हात अर्धा दिवस. मी तो वाचवला. नदीच्या तळाला टेप टेकवला, तेच शून्य धरलं आणि पेंटरला आकडे काढायला लावले.

सुखदेवराव शेजारी उभे होते. "साहेब, हितं लई गाळ साचलाय. जुनं शून्य खाली गाडलं गेलंय."

"अहो, ज्या नदीत पाणीच नाही तिचं शून्य कुठंही धरा," मी म्हणालो. पेंटर हसला. मीही हसलो.

तो गाळ अर्धा मीटर होता, म्हणजे माझं शून्य तेवढंच वर चढलं होतं. पट्टी जेव्हा पाच-साठ दाखवत होती तेव्हा नदी सहा-दहावर होती.

पुढचं लिहायला मला जास्त जड जातं. वरच्या साहेबांनी विचारलं, "रीडरनं चुकीचं वाचलं असणार?"

मी म्हणालो, "शक्यता आहे."

"मग तसं लिहा."

मी तसं लिहिलं. सुखदेवरावांना कामावरून कमी केलं. आमच्या रजिस्टरात आकडे सहाच्या खालीच राहिले, कागदोपत्री त्या दिवशी पूर आलाच नव्हता, म्हणून वस्तीचे पंचनामे अडकले. गयाबाईच्या मृत्यूच्या कागदावर 'पाय घसरून पाण्यात पडल्याने' असं कारण लागलं. सुखदेवराव एकदाच ऑफिसात आले. "जयभीम, साहेब," म्हणाले. "म्या आकडा बरोबर वाचला व्हता, येवढं तरी लिवा." मी बघतो म्हणालो. मुकुंदवाडीला घरी जाईपर्यंत ते वाक्य डोक्यात होतं. आणखी तीन महिने मी काहीच केलं नाही.

जानेवारीत रजा टाकून मी लेव्हल मशीन घेऊन गेलो. चावडीपासून पुलापर्यंत स्वतः लेव्हल आणली. एकोणपन्नास सेंटिमीटरचा फरक निघाला. चूक माझी, असा रिपोर्ट लिहून मी सही केली. वरचे साहेब म्हणाले, "आता गाडलेलं मढं कशाला उकरता? ती बाई परत येणार आहे का?" मी कागद परत घेतला नाही. माझी चौकशी लागली, वेतनवाढ थांबली. गयाबाईची नोंद पुराचा बळी म्हणून दुरुस्त झाली. वस्तीचे पंचनामे झाले, पण तोवर भिंतींवरच्या रेघा लोकांनी सारवून टाकल्या होत्या.

सुखदेवरावांना परत घ्यायचं पत्र मी स्वतः घेऊन गेलो. त्यांनी ते वाचलं आणि घडी करून माझ्या हातात दिलं.

"पट्टी आता बरोबर हाय ना, साहेब?"

"आहे."

"मग दुसरा कुणी बी वाचील. थांबा म्हणून वस्तीत म्या सांगितलं व्हतं, तुम्ही नाय. माझं आता घरातबी कुणी ऐकत नाय."

त्यांच्या भावाच्या दारात ती म्हैस बांधलेली होती.

तेव्हापासून दर मे महिन्यात मी माझ्याकडच्या प्रत्येक गेजचं शून्य बेंचमार्कवरून तपासतो. पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे, मला आधीही माहीत होतं. त्या गावी आणखी एक लेव्हल घेतली, पिराच्या ओट्याची. पाच मीटर अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. ती मी रजिस्टरात लाल शाईने लिहून ठेवली आहे.