आडवा फोटो

हरिहरेश्वरचा एक फोटो कॉम्प्युटरवर आडवा दिसतो. आई कणीस खातेय आणि समुद्र भिंतीसारखा उभा. काल तो सरळ करायला घेतला, तर सूचना आली की चित्राचा दर्जा जराही घटणार नाही, फक्त कडेची बारीकशी पट्टी कापली जाईल. चालेल?

चालेल की! मी बटण दाबणार, तेवढ्यात शेजारी बसलेली आई म्हणाली, "थांब गं. त्या कडेला ह्यांचं बोट आहे."

खरंच होतं. धुरकट, गुलाबीसर, दोऱ्याएवढं. आमचे सगळे फोटो बाबांनी काढले, म्हणून ते स्वतः एकाही फोटोत नाहीत. या एकात तेवढं भिंगापुढे आलेलं बोट राहून गेलंय. तेव्हा आम्ही त्यांना किती चिडवलं होतं!

मधलं सगळं शाबूत राहिलं, की आपण खुशाल म्हणतो, काहीच गेलं नाही. कडेला कोण उभं होतं, हे कोण बघतं?

फोटो आडवाच ठेवलाय. तो बघताना आई मान डावीकडे कलती करते. सोफ्यावर बाबा त्याच बाजूला बसायचे.