जहाजाखालचा दगड

आमच्या भावजींच्या प्रत्येक जहाजाखाली मुठीएवढा दगड असायचा. जहाज कपाटावर असो की टीव्हीवर, मागून दगड लावलेलाच. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. गाडी थांबली की चाकाखाली दगड, एवढंच हाडात मुरलेलं. मी झाडताना तो फेकून द्यायची, ते नवा आणायचे.

"भावजी, लाकडाचं जहाज कपाटावरून कुठं पळून चाललंय?"

"उतार हाय, वैनी. तुम्हाला दिसंना, ड्रायव्हरला दिसतो."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, नाहीतर दारूला. हे जहाजांना लागले, तेही अहमदपुरात, जिथे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. फळांच्या खोक्यांच्या पट्ट्या, सुताराकडचे तुकडे, गोंद आणि एक कानस, एवढ्यावर कारखाना सुरू. शिडासाठी आमच्या ह्यांचं चांगलं धोतर फाडलं आणि वर म्हणाले, "दादा, तुमचं धोतर आता जग बघंल."

स्वतः समुद्र पाहिलेला नाही. मुंबईची गाडी दोनदा नेली होती. समुद्र दिसला का विचारलं, तर म्हणाले, "डेपोतून दिसत न्हाई." त्यामुळे जहाजं सगळी डोक्यातली, आणि डोक्यात एसटी. टपावर चढायला शिडी, पोटाला झाकणाची डिकी. शेजारचे मास्तर म्हणाले, जहाजाला डिकी नसते. "मग पाशिंजर सामान काय डोक्यावर घेऊन बसत्याल?"

मागची खोली जहाजांनी भरली. माझे पापड-कुरडयांचे डबे स्वयंपाकघरात पायात यायला लागले. एक दिवस मी भांडण काढलंच.

"एकाला तरी पाणी लागलंय का? सोडा हौदात. बुडलं तर खोली माझी, आणि हा उद्योग बंद."

"आन तरंगलं तर?"

"दगड फेकणार नाही."

हौद कोरडा होता, म्हणून नळाच्या दिवसाची वाट पाहिली. त्या दिवशी गल्ली घागरी सोडून आमच्या अंगणात. भावजींनी दाढी केली, जुना खाकी ड्रेस घातला, नारळ फोडला, जहाजाला लिंबू-मिरची बांधली आणि सगळ्यात मोठं जहाज पाण्यात सोडलं.

ते लगेच आडवं झालं. धोतर भिजलं.

"ओ कप्तान, पंक्चर झालं का?" कोणीतरी ओरडलं. गल्ली हसली. भावजींनी बाही वर केली आणि जहाज काढायला वाकले.

मी जिंकले होते. कोणता डबा कुठं ठेवायचा तेही ठरलं होतं. पण सारखं बोलणारा माणूस गप्प झाला की त्याचं तोंड फार वाईट दिसतं. मला ते बघवेना. आत गेले, कपाटावरचा दगड आणला, डिकी उघडली आणि पोटात ठेवला.

"हं. सोडा आता."

जहाज सरळ उभं राहिलं. हौदभर फिरलं.

आभार कसले मानतात! गल्लीकडे वळून म्हणाले, "रिकाम्या डिकीनं गाडी हालतीच की. मला ठाऊकच व्हतं." संध्याकाळी खोलीतला माझा उरलेला एक डबाही बाहेर आला.

मागच्या वर्षी त्यांना नांदेडला दवाखान्यात नेलं. जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "मी येईस्तोवर दगड काढू नका." आले नाहीत.

आता खोली माझी आहे, डबे परत तिथे गेलेत. हौदात तरंगलेलं ते एक जहाज तेवढं कपाटावर ठेवलंय. परवा सुनेने झाडताना दगड फेकला. मी उकिरड्यावरून शोधून आणला, धुतला, परत लावला.

"आत्या, कपाट तर सपाट आहे," ती म्हणाली.

"उतार आहे," मी म्हटलं. "तुला दिसत नाही."