डोंगरमाथ्यावरचा फटका

डोंगरमाथ्यावरच्या त्या गोल्फ रिसॉर्टला आम्ही नवरा-बायको पूर्वी दर हिवाळ्यात जायचो. हे खेळायचे आणि मी बाकावर बसून विणकाम करायचे. यांची स्मृती जायला लागली आणि ते जाणं थांबलं. यंदा मुलगी म्हणाली, "आई, बाबांना घेऊन जा गं. ओळखीची जागा बघून काहीतरी आठवेल त्यांना." म्हणून गेलो.

सकाळी खोलीबाहेर आलो तेव्हा धुकं दरीत उतरलं होतं आणि हिरवळ थेट कड्यापर्यंत उन्हात पसरली होती. यांनी ती बघितली, पण चेहरा हलला नाही. मी यांच्या हातात स्टिक दिली. बोटं आपसूक जागच्या जागी बसली, खांदे वळले आणि चेंडू असा उंच गेला, की शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

माणूस नेमका कुठे साठलेला असतो, कोण जाणे. नावं जातात, घर जातं, आणि मनगटाला मात्र सगळं पाठ असतं. मला वाटलं, एवढं उरलंय तर त्यामागोमाग बाकीचंही येईल.

हे वळले. कितीतरी महिन्यांनी हसत होते. इकडेतिकडे बघत मला म्हणाले, "अहो ताई, माझी बायको दिसली का कुठे? तिला दाखवायचं होतं हे."

"येतेच आहे ती," मी म्हटलं.

मग आम्ही दोघं तिथेच उभे राहून तिची वाट बघत राहिलो.