रामगोंडाअण्णांची एकवीस कासवं

रामगोंडाअण्णांनी जन्मभर सांगलीच्या अडतीवर हळदीची पोती तोलली आणि म्हातारपणी जीवदया धरली. गुडघे गेले होते, दया शाबूत होती. दर महिन्याच्या शुद्ध चौदसीला जैन बस्तीतून दर्शन घेऊन ते थेट कृष्णेवर जायचे, मासेमार जोतीरामच्या जाळ्यात सापडलेलं कासव विकत घ्यायचे आणि परत पाण्यात सोडायचे. समुद्री कासवांसाठी कोकणात महोत्सव भरतात. कृष्णेतल्या या मऊ पाठीच्या कासवाच्या वाट्याला मात्र वाळूचे डंपर, कारखान्याचं काळं पाणी, मटणाचे शौकीन आणि रामगोंडाअण्णा एवढेच आले होते.

या चौदसीला जोतीरामनं पोतं उघडलं आणि अण्णा वाकले ते वाकलेलेच राहिले. कासवाच्या मानेत निळ्या दोऱ्याचा तुकडा होता. मागच्या महिन्यात तिथं रुतलेला कुणाचा तरी गळ काढताना त्यांच्याच हातून आत राहिलेला.

"जोत्या, हे मागचंच की रं!"

"व्हय. लय वळखीचं झालंय."

"सोडलेलं परत धरतोस?"

"आवं अण्णा, तुमची चौदस चुकवून कसं चालंल? पुण्य तुमचं, भिजायचं आमी."

"आन् मी आलोच न्हाई तर?"

"तर मासं धरीन. कासवामागं कोण हिंडतंय? मटणवालं कवातरी येत्यात, तुमी दर म्हयन्याला."

अण्णांनी पोत्याचं तोंड आपल्याकडं ओढलं. एकवीस जीव वाचवले म्हणून बस्तीत त्यांचा सत्कार झाला होता. शाल अजून घडीतच होती.

त्यांनी वनखात्याला फोन लावला. तो ऐकून जोतीराम जाळं गुंडाळून पसार झाला. अण्णा दोन तास उन्हात बसून पोत्यावर पाणी शिंपडत राहिले. कासव मान आत घेऊन पडलं होतं. दोघंही सारखेच दमलेले.

वनरक्षक सोनिया आली. दोरा बघून ती चुकचुकली, मग पंचनाम्याचा कागद काढला.

"कुणी धरलं?"

"त्याचं नाव सांगतो. आधी विकत घेणाऱ्याचं लिही. रामगोंडा पाटील, वय अडुसष्ट."

"आजोबा, तुम्ही तर सोडायलाच घेत होता."

"म्हणूनच धरलं जात होतं, बाई. लिही."

तिनं लिहिलं. अण्णांनी सही केली. मग तिनं कासव टबात घालून गाडीत ठेवलं.

"दवाखाना झाला की कुठं सोडणार?" अण्णांनी न राहवून विचारलं.

"ते तुम्हाला सांगणार नाही, आजोबा."

अण्णांनी मान हलवली. "नगंच सांगू," ते म्हणाले.