माझी धडधड औषधाची होती

"अजी पाहा, आमचे भाऊजी भ्याले! ऑपरेशनच्या खाटेवर यांची छाती ढोलावानी वाजून राहिली होती!"

हर्नियाचे टाके अजून ओले, आणि माझा साळा, बायकोचा भाऊ, भंडाऱ्याच्या दवाखान्यात अख्ख्या वॉर्डाला हे ओरडून सांगत होता. ऑपरेशनच्या वेळी दाराला कान लावून उभा होता म्हणे. आतल्या यंत्राची टिकटिक एकदम घाईला आली अन् भुलीच्या मॅडम म्हणाल्या, "ठोके वाढले." तेवढं त्याला पुरलं.

यात ओरडण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. आम्ही तलावात मासे धरणारी माणसं. जाळं ओढताना ते पाण्याखालच्या खुंटाला अडकलं की एकानं बुडी मारून सोडवायचं. त्या बुडीवाल्याच्या छातीवर आमच्याकडे आधी हात ठेवून बघतात. धडधड लागली की तो काठावर. भ्यालेल्याचा दम खाली पुरत नाही. सानगडीकडच्या आमच्या तलावात ती बुडी माझी. मी खाली जातो, जाळं सोडवतो, तिथल्या म्हाताऱ्या मरळीची ख्यालीखुशाली विचारतो, अन् वर येतो तोवर काठावरच्यांचा चहा होऊन गेलेला असतो. साळ्याचा डोळा त्याच बुडीवर.

"यंदा मी उतरतो," तो म्हणाला. "भाऊजी काठावर बसतीन."

"अबे, माझी बुडी घेणारा अजून जल्मले यायचा हाय!" मी असा गरजलो की पलीकडचा सलाइनचा स्टँड हलला. टाके ताणले, तरी गरजलो. तेवढ्यात भुलीच्या मॅडम फेरीवर आल्या. "मॅडम, माझे ठोके काहून वाढले, ते याले सांगा."

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला स्नायू सैल करायचं औषध दिलं होतं. त्याचं काम पोटाच्या, हातापायांच्या स्नायूंवर. पण असली काही औषधं हृदयालाही छेडतात. हृदयाला हळू चालवणारी एक नस असते. तिचा निरोप हृदयात जिथं उतरतो, त्या जागांना मस्कॅरिनिक रिसेप्टर म्हणतात. औषध तिथं जाऊन बसलं की निरोप पोचत नाही, अन् ठोके वाढतात. माणूस गाढ झोपेत असला तरी."

"आयकलं का बे? गाढ झोपेत! झोपलेला माणूस कोणाले भेते? लगाम औषधानं सोडला, म्हणून घोडा पळाला!"

वॉर्डानं माना डोलावल्या. साळ्याचं तोंड उतरलं. त्याला तिथंच सोडायला हवं होतं म्हणता? मी नाही सोडणार. आजही नाही सोडणार.

"मॅडम, आता हेबी सांगून टाका. औषधाच्या आधी माझी छाती तलावावानी शांत होती का नाही?"

मॅडम दुसऱ्या खाटेकडे वळता वळता म्हणाल्या, "नाही. सुई टोचायच्या आधीच धडधडत होती."