हवालदार काका आणि चुकलेला बोर्ड

कॉम्प्युटरच्या कुठल्याही भागाला हात लावण्याआधी हवालदार काका दुकानातल्या पाण्याच्या नळाला हात लावत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नमस्कारच करताहेत. विचारलं मात्र नाही. मी कुणालाच काही विचारत नसे. त्यांनीच सांगितलं, "अंगात वीज असती पोरी. ती नळात सोडायची, मगच मालाला शिवायचं. न्हाईतर चिप मरती, आन् मरताना आवाजबी करत न्हाई."

काका मूळचे वडूजचे. सैन्यात हवालदार म्हणून वायरलेस सेट दुरुस्त करता करता निवृत्त झाले आणि सांगलीत रेडिओ-टीव्हीचं दुकान टाकलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे कॉम्प्युटर आले. काकांचा हात तयार होता, इंग्रजी जेमतेम. मी इंग्रजी माध्यमातली. त्यामुळे मुंबईच्या व्यापाऱ्याचा कॅटलॉग मी वाचायचा आणि जोडणी काकांनी करायची, असं ठरलं.

मला विमान उडवण्याचा खेळ खेळायचा होता, आणि तो अडखळत चाललेला नको होता. त्यासाठी वेगवान प्रोसेसर, भरपूर रॅम आणि नवं थ्रीडी कार्ड लागणार होतं. बाबांना हे पटत नव्हतं. "खेळायला एवढं भारी मशीन? ठीक आहे. बारावीची सुट्टी संपायच्या आत चालू करून दाखव. नाहीतर मामाच्या ओळखीतून तयार सेट आणतो." तयार सेट म्हणजे टायपिंगपुरता डबा. तो मला नको होता.

रोज दुपारी मी स्टुलावर बसून एकेक भाग वाचून दाखवी. काका मध्येच अडवत, "ह्यो कशापायी?" उत्तर देता आलं नाही तर तो भाग यादीतून बाद. एकदा मी एका मदरबोर्डच्या ओळीवर थांबले. आमच्या कार्डाला लागणारी खाच त्यावर नव्हती. "काका, यात एजीपी स्लॉट..."

"नव्या बोर्डाला असतोयच गं. लय बोर्ड बघितल्यात म्या. वाच की पुढं."

मी पुढचं वाचलं आणि तोच बोर्ड यादीत गेला. मोठ्या माणसाला चूक कसं म्हणायचं?

ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल आलं. काकांनी बोर्ड पिशवीबाहेर काढला, उलटसुलट केला, कार्ड वर धरून पाहिलं. बोर्डावर कार्ड बसायला जागाच नव्हती.

"तुला ठावं हुतं?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"मग गप का बसलीस? म्या चुकलो त्ये चुकलो. पर तुला दिसत हुतं की! फौजेत सिग्नलवर दिसलेलं सांगितलं न्हाई तर मानसं मरत्यात." ते माझ्यावर एवढे रागावलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मग म्हणाले, "चल, फोन लाव. तूच बोलायचं."

सुट्टीचे आठ दिवस उरले होते. एसटीडी बूथमध्ये काका आलेच नाहीत. काचेबाहेर पाठ करून उभे राहिले. व्यापारी म्हणाला, "दिलेला माल परत घेत नाही. साहेबांना फोन द्या."

"साहेब नाहीत. मीच बोलणार," मी म्हणाले. "चूक आमची आहे. बोर्ड बसवलेला नाही, खोका जसाच्या तसा आहे. मला एजीपीवाला बोर्ड हवाय, आणि चार दिवसांत हवाय." तो नाही म्हणाला. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो वैतागून म्हणाला, "पाठवा हो बाई, पाठवा!"

बाहेर आले तर काका म्हणाले, "घामानं भिजलीस की. च्या घेऊ या."

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी बाबा दुकानात आले. स्क्रीनवर धावपट्टी दिसत होती. सगळं नव्या बोर्डावर नीट बसलं होतं. बाबांनी काकांना विचारलं, "हवालदार, हे सगळं तुम्ही निवडलंत?"

काका स्क्रू आवळत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "न्हाई साहेब. म्या निवडलेला बोर्ड मुंबईला परत गेला. ह्यो तिनं भांडून आणलाय."

बाबांनी स्टूल ओढून घेतलं आणि माझ्या शेजारी बसले.

"उडव," ते म्हणाले.